शिबिरातलं साबणाचं पाणी

“काडीनं गळती शोधू नका बायांनो. गळती सापडेल, पण मग तुम्ही सापडणार नाही.”

या वाक्यावर बायका हसायच्याच. सातपूरच्या समाजमंदिरातही हसल्या. हसू ओसरेपर्यंत प्रतिभा थांबली, मग स्टीलच्या वाटीत साबणाची पूड टाकून पाणी घुसळायला लागली. समोर सतरंजीवर महिला मंडळाच्या बाया, त्यांच्या मांडीवरची पोरं, मागच्या भिंतीवर ‘सुरक्षा सप्ताह’ लिहिलेला कागद, आणि टेबलावर गॅसची टाकी, गळ्यात झेंडूची माळ घालून नवरदेवासारखी उभी. प्रतिभानं दाढीच्या ब्रशानं तो फेस रेग्युलेटरभोवती फासला.

“नवऱ्याची दाढी रोज होते की नाही ते त्याचं तो बघेल. टाकीची मात्र आपण करायची. बुडबुडा फुगला तर गळती. नाही फुगला तर खुशाल चहा ठेवा.”

“आन् मग बरश नवऱ्याला परत द्यायचा का?” मागून एकीनं विचारलं.

“धुऊन द्या. विचारलं तर सांगू नका.”

पुन्हा हशा. प्रतिभाला हे जमायचं. गॅस एजन्सीत ती आधी नंबर लावून घ्यायच्या खिडकीवर बसायची. तिथं तिची बोलण्याची फटकेबाजी ऐकून शेठनं तिला प्रात्यक्षिकाला धाडायला सुरुवात केली. दहावीला दोनदा आपटलेल्या या बाईला चाळिशीत लोक ‘मॅडम’ म्हणायला लागले. पहिल्यांदा कुणी म्हटलं तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं होतं, कुणाला हाक मारली म्हणून. आता सत्त्याण्णव साल उजाडलं होतं, शहराच्या कडेकडेनं घराघरात गॅस येत होता, आणि जिथं गॅस तिथं प्रतिभा मॅडम. तिला त्या शब्दाची सवय झाली होती. सवय कसली, चटक.

दारात टाक्या पोचवणारा झुंबर येऊन उभा राहिला. एरवी तो आल्या आल्या काहीतरी टवाळी करायचा. आज टोपी हातात.

“प्रतिभाताई, जरा बाहेर या.”

“पाच मिनिटं थांबा की झुंबरभाऊ, फेस वाळतोय.”

“नाय, आत्ताच या.” आणि ती पायरीवर येताच तो खालच्या आवाजात म्हणाला, “तुमच्या घरांच्या लायनीत भडका झाला. नवसाबाईची सून. तुमची शेजारीण.”

“चैताली? टाकी फुटली?”

“टाकी शाबूत हाय. मीच वढून बाहेर काढली. सकाळी मीच ठेवून गेलतो ती. वायसर बघायचं राहिलं, घाई होती… घरभर रॉकेल सांडलंय. लोक म्हणत्यात सासूनं पेटवली.”

प्रतिभानं फक्त एकच विचारलं. “काडेपेटी कुठं होती?”

“शेगडीपाशी. का?”

ती चपला घालून रिक्षाकडं निघाली. आत टेबलावर रेग्युलेटरवरचा फेस हळूहळू बसत चालला होता.

*

रिक्षात बसल्यावर तिला पहिल्यांदा आठवली ती मेथी.

पंधरवड्यापूर्वीची गोष्ट. प्रतिभाच्या घरी नवी टाकी आली होती. चैताली तिच्या उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. सासूचं तोंड सुरू झालं की ती भाजी घेऊन इकडं यायची. नांदगावकडच्या खेड्यातनं लग्न होऊन आलेल्या पोरीला या ओळीत दुसरं माहेर नव्हतं. प्रतिभानं रेग्युलेटर बसवला, खटका फिरवला, आणि रोजच्या सराईतपणे काडी ओढून ती टाकीच्या गळ्याभोवती फिरवली. झुंबर तसंच करायचा. सगळेच करायचे. काडी विझली तर ठीक, भपकन पेटली तर गळती, मग ओला फडका टाकायचा की झालं. साधा हिशेब.

“अगं बाई, ताई! आन् ते साबणाचं पाणी?” चैतालीनं डोळे मोठे केले.

“ते शिबिरातलं गं. घरात कोण फेस करत बसतंय!”

दोघी हसल्या. चैताली जरा जास्तच हसली, ओठावर पदर धरून. शिबिराला आलेल्या सगळ्या बायांना एक सांगतात आणि आपल्याला मात्र आतलं सांगितलं, या आनंदानं. प्रतिभानं तो आनंद तेव्हाच ओळखला होता आणि तिला तो आवडलाही होता. त्याचीच आता रिक्षात शिसारी आली.

*

सरकारी दवाखान्यात जळालेल्यांच्या खोलीबाहेर अर्धी लाइन जमली होती. चैताली आत होती. हात, गळा, हनुवटी भाजली होती, डॉक्टरांनी गुंगीचं औषध दिलं होतं, उद्यापर्यंत बोलणार नाही म्हणाले होते. तिचा नवरा कुंदन फर्स्ट शिफ्टमधून तसाच आला होता, कपड्याला ग्रीस, भिंतीला डोकं टेकून उभा. आणि नवसाबाई जमिनीवर, गुडघे छातीशी घेऊन, हात पदरात लपवून.

“सकाळी ऐकलं ना आम्ही,” समोरच्या घरातली एक शेजारीण हवालदाराला सांगत होती, “दूध उतू गेलं म्हणून ओरडत होती. ‘आग लागो तुझ्या हाताला’ म्हणाली. सगळ्या लायनीनं ऐकलं.”

हे खरं होतं. नवसाबाईच्या तोंडातून दिवसातनं दहादा कुठं ना कुठं आग लागायची. दुधाला, टीव्हीला, कुंदनच्या शिफ्टला, नळाला पाणी न सोडणाऱ्या मेल्याला. ते तिचं ‘अरे देवा’ होतं. पण हवालदाराला हे कोण समजावणार? आणि गॅसला तर ती नागीण म्हणायची. “घरात नागीण आणून ठेवली या मास्तरणीनं,” हे तिनं प्रतिभाच्या तोंडावर म्हटलं होतं, आणि स्वतःचा चहा हट्टानं रॉकेलच्या स्टोव्हवरच करायची. तेच रॉकेल आज घरभर सांडलं होतं.

चैतालीचे वडील कोंडाजी दुपारच्या एसटीनं पोचले. सुकलेला, काटक माणूस. लेकीला दारातनं एकदा पाहिलं आणि थेट नवसाबाईसमोर येऊन उभे राहिले.

“इहीणबाई, पोर जड झाली व्हती तर मला सांगायचं. म्या न्हेली असती. जाळायची कामून?”

नवसाबाईनं वर पाहिलं. “म्या नाय जाळली दादा.”

“मंग कोणी? देवानं?”

कुंदन मध्ये पडला, कुणीतरी कोंडाजींना बाजूला नेलं. हवालदार मात्र जागचा हलला नाही. त्याची नजर प्रतिभावर गेली आणि त्याचा चेहरा जरा मऊ झाला.

“मॅडम, तुम्ही भिंतीला भिंत लागून राहता ना? सासूसुनेचं कसं होतं?”

ही ती वेळ होती. प्रतिभाच्या जिभेवर सगळं आलं होतं. काडी, मेथी, ‘ते शिबिरातलं गं’. आजूबाजूला लायनीतल्या बायका होत्या, त्यांतल्या निम्म्यांनी तिच्या शिबिरात ब्रश हातात धरला होता. सगळ्या तिच्याकडंच बघत होत्या. मॅडम काय सांगतात.

“मावशी तोंडानं जरा… म्हणजे बोलतात. पण मनानं…”

“तोंडानं,” हवालदार म्हणाला आणि लिहून घेतलं. ‘पण’ त्यानं लिहिलाच नाही. “आणि घटना घडली तेव्हा?”

“मी घरी नव्हते,” प्रतिभा म्हणाली.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं वाईट होतं.

नवसाबाईला चौकीवर घेऊन गेले. जाताना ती प्रतिभापाशी आल्यावर क्षणभर थबकली, काही विचारावं तशी, आणि मग पुढं गेली. पदर काही हातावरून काढला नाही.

*

“गप्प बस,” भारत म्हणाला.

दिवेलागणीला ती घरी आली होती आणि शेगडीपुढं उभी राहून तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. हातात काडेपेटी होती आणि काडी ओढवत नव्हती. शेवटी त्यानंच शेगडी पेटवली.

“सांगून काय होणार? पोरीचे हात बरे होणार आहेत? शेठ उद्या म्हणेल, आमचीच बाई काडी लावते, निघा. आणि लोक? रस्त्यानं चालू देतील तुला?”

“म्हातारीला आत टाकतील.”

“पोरगी उद्या बोलेल. बोलली की सुटेल.”

“आणि नाही बोलली तर?”

भारतनं चहाचं आधण बघितल्यासारखं केलं. तो वाईट माणूस नव्हता. बायकोला मॅडम म्हणतात याचं तिच्यापेक्षा त्यालाच जास्त कौतुक होतं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तो तिचे शिबिरातले विनोद सांगायचा.

“तू तिला सांगितलं का, काडी लाव म्हणून?” तो म्हणाला.

“नाही.”

“मग? सांगितलं तर तू साबणाचंच ना?”

प्रतिभानं ओट्यावरच्या त्या स्टीलच्या वाटीकडं पाहिलं. शिबिरातनं झुंबरनं सगळं सामान तसंच आणून ठेवलं होतं. वाटीच्या काठाला साबण वाळून पांढरा झाला होता, आत भारतचा दाढीचा ब्रश. एवढ्या वर्षांत ही वाटी या ओट्यावर या कामासाठी एकदाही वापरली गेली नव्हती. घरी आली की तिच्यात कोथिंबीर ठेवायची ती.

तिनं चप्पल घातली.

*

चौकीत नवसाबाई भिंतीकडच्या बाकावर बसली होती. दुपारपासून तिथंच. तिला बघायला म्हणून उगीच काम काढून दोघंचौघं येऊन गेले असावेत. दाराशी अजून एक जण रेंगाळत होता. हवालदार चहा पीत होता.

“या मॅडम. बसा. चहा?”

“साहेब, चैतालीनं टाकीला काडी लावली असणार. गळती बघायला. माझं बघून.”

हवालदारानं कप खाली ठेवला. “तुमचं बघून?”

“हो.”

“मॅडम, आमची मिसेस तुमच्या शिबिराला आली होती. त्या दिवसापासून मला घरात दाढीचा ब्रश सापडत नाही. आणि तुम्ही काडी लावता?”

“घरी लावते. नेहमी लावते. ती माझ्या दारात बसलेली होती, तिनं बघितलं. मी हसून वर म्हणाले, साबण-बिबण शिबिरापुरतं.”

हवालदार तिच्याकडं बघत राहिला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून प्रतिभाला भिंतीत शिरावंसं वाटलं. तो कौतुकानं बघत होता.

“शेजारधर्म समजतो हो मी. म्हातारीची दया येते. पण असं दुसऱ्याचं अंगावर घेऊ नका. तुमचं एवढं नाव आहे.”

“अहो, दया नाही, खरं सांगते मी! द्या काडेपेटी, दाखवते कशी फिरवते ते.”

“राहू द्या,” तो हसला, “चौकी पेटवाल.”

दाराशी रेंगाळणाराही हसला. प्रतिभा इतकी वर्षं लोकांना हसवत आली होती, आणि आज गळ्याशी आलेलं सांगायला गेली तर तेही विनोदच निघालं.

“लिहून तरी घ्या,” ती म्हणाली.

“उद्या मॅजिस्ट्रेटसाहेब पोरीचा जबाब घेतील. तोवर काही लिहीत नाही. आजींना आता घरी न्या, बाईमाणूस आहे, रात्री ठेवता येत नाही. पण सकाळी दवाखान्यात हजर पाहिजेत. आणि मॅडम,” तो उठून उभाच राहिला, “तुमच्यासारखी माणसं पाहिजेत हो.”

बाकावरून उठताना नवसाबाईला आधार घ्यायचा होता, पण तिनं हात टेकले नाहीत. कोपरं टेकली. तेव्हा पदर सरकला आणि प्रतिभाला ते हात दिसले. दोन्ही तळवे लालभडक, फोडांनी भरलेले. एक फोड फुटून पाणी आलेलं. दुपारपर्यंत दवाखान्यात, जिथं डॉक्टर होते, नर्स होत्या, तिथं ही बाई ते हात लपवून बसली होती आणि कुणी विचारलं नव्हतं.

“मावशी, हे—”

“गोधडी घावली नाय लवकर,” नवसाबाई म्हणाली. “मंग हातानंच इझवली. नायलॉनचं लुगडं व्हतं तिचं, चिकटत व्हतं.”

“दाखवायचं नाही का कुणाला?”

“काय दाखवू? म्हणले आसते, पेटवताना भाजले.”

दोघी रस्त्याच्या कडेनं चालायला लागल्या. कारखान्यांच्या बसा धुरळा उडवत जात होत्या. मग नवसाबाईनंच विचारलं, अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं.

“दवाखान्यात हुभी व्हतीस की तू. तव्हा का नाय बोललीस?”

प्रतिभाकडं उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्याजोगं नव्हतं. ‘लोक बघत होते’ एवढंच होतं ते.

“म्या तुझ्याकडं बघितलं,” नवसाबाई म्हणाली. “म्हणलं, मास्तरीण हाय, तिला ठावं आसंल गॅस कसा भडकतो. ती सांगंल.”

*

चैतालीनं सकाळी जबाब दिला. खोलीत मॅजिस्ट्रेट आणि डॉक्टर. बाकी सगळे दाराबाहेर, पण दार अर्धवट उघडं होतं आणि आत इतकी शांतता होती की तिचा बारीक, थांबत थांबत येणारा आवाज बाहेर ऐकू येत होता.

“वास आला. म्हणून काडी लावून बघितली… सासूबाई मोरीत व्हत्या. त्यांनीच इझवलं… रॉकेलचा डबा त्यांच्या पायानं सांडला, पळताना.”

“काडी लावायला कुणी सांगितलं होतं?”

प्रतिभानं दाराची चौकट धरली. आता निघेल एकदाचं. तिला खरोखरच सुटल्यासारखं वाटलं.

“कोणी नाय,” चैताली म्हणाली. “ताईंनी साबणाचं पाणी सांगितलं व्हतं. म्याच केला येडेपणा.”

हवालदारानं मागं वळून प्रतिभाकडं पाहिलं, भुवई उडवली. ‘बघा, म्हटलं नव्हतं?’

पुढचं सगळं भराभर झालं. कोंडाजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्यांसमोर नवसाबाईच्या पायाशी ठेवली. “इहीणबाई, चुकलं.” तिनं ती उचलून परत द्यायला हात पुढं केले, तेव्हा तिच्या हातांकडं सगळ्यांचं लक्ष गेलं, आणि मग जी ती नर्सला हाका मारायला लागली. काल ‘आग लागो’ ऐकलेली समोरच्या घरातली शेजारीण सगळ्यात मोठ्यानं हाका मारत होती.

दुपारी खोलीत कुणी नसताना प्रतिभा चैतालीजवळ गेली. पांढऱ्या पट्ट्यांच्या वर चेहरा तेवढा दिसत होता.

“का गं असं सांगितलंस?”

“काय सांगितलं?”

“मी साबणाचं सांगितलं म्हणून.”

“सांगितलंच व्हतं की ताई. एवढ्या बायांपुढं.”

“आणि घरी?”

चैतालीनं जरा विचार केला. तिला कुणाला वाचवायचं नव्हतं, कुणाला उपकारात ठेवायचं नव्हतं. ती आठवून आठवून खरं तेच सांगत होती.

“घरी तुम्ही शिकवलं कुठं? म्या नुसतं बघितलं.”

*

पट्ट्या सुटायला उन्हाळा संपला. चैतालीच्या उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. हनुवटीखालची कातडी ओढली गेली. मान वर करून हसायची तिची सवय गेली, आता ती खाली बघून हसते.

शेठला सगळी हकिकत कळली, म्हणजे त्याला जी कळायची ती. त्यानं प्रतिभाला बोलावून सांगितलं, “मॅडम, हे उदाहरण सांगत जा शिबिरात. बायकांच्या डोक्यात बसेल. तुमच्या डोळ्यादेखतचं आहे.” मोठमोठे हॉल मिळायला लागले. भारतनं नवा ब्रश आणून दिला. झुंबर मात्र तिच्या नजरेला नजर देईना; दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे बोलायला लागले, आणि आता तो कुठंही टाकी ठेवली की वाकून वायसर बघतो, मग पुन्हा एकदा बघतो.

प्रतिभानं तेही करून बघितलं. एका शिबिरात तिनं सगळं जसं घडलं तसं सांगितलं. एक शेजारीण होती, ती लोकांना एक सांगायची आणि घरी वेगळंच करायची, आणि उंबऱ्यात बसलेल्या पोरीनं ते पाहिलं.

“कोण होती हो ती भवानी?” पुढच्या रांगेतल्या बाईनं विचारलं.

“मीच,” प्रतिभा म्हणाली.

अख्खा हॉल हसला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

त्यानंतर तिनं ‘तुम्ही सापडणार नाही’ हे वाक्य म्हणणं सोडून दिलं. शिबिरं चालूच राहिली, कारण कुणीतरी ती करायलाच हवी होती. पण बायका म्हणतात, मॅडमच्या बोलण्यात आता पहिल्यासारखी मजा नाही.

नवसाबाईनं मात्र या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. चौकीत तिनं जे ऐकलं होतं ते कुंदनलाही सांगितलं नाही. तोंड तेच राहिलं. अजून दिवसातनं दहादा कुठं ना कुठं आग लागते, फक्त कुणाच्या हाताला लागत नाही. प्रतिभाशी ती आधी जशी बोलायची तशीच बोलते. ‘मास्तरीण’च म्हणते. फक्त एक गोष्ट नवी झाली.

ओळीच्या तोंडाशी झुंबरच्या तीनचाकीची घंटी वाजली की नवसाबाई ओट्यावरून मान लांब करून बघते, टाकी कुणाकडं चाललीय. स्वतःच्या घरी आली तर चैताली डाव्या हातानं फेस करते आणि म्हातारी वाकून बुडबुडे बघते. पण प्रतिभाच्या घरी आली की ती उठते, सावकाश येऊन तिच्या दारात उभी राहते आणि एक शब्द न बोलता तळवा पुढं करते. गुलाबी, चुरगळलेल्या कातडीचा, पूर्ण न उघडणारा तळवा.

प्रतिभा त्यावर काडेपेटी ठेवते.

ओळीतल्या बायकांना याची गंमत वाटते. म्हातारीला धसका बसलाय, म्हणतात. नवसाबाई काडेपेटी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधते आणि पायरीवर घराकडं पाठ करून बसते. ती आत बघत नाही. आत प्रतिभा वाटी घेते, पाणी घुसळते, भारतच्या ब्रशानं टाकीच्या गळ्याभोवती फेस लावते, आणि वाट बघते. फेस बसेपर्यंत.

“झालं मावशी. एकही बुडबुडा नाही.”

मग नवसाबाई गाठ सोडायला लागते. बोटं नीट वळत नाहीत, त्यामुळं वेळ लागतो. कुणी सोडायला गेलेलं तिला चालत नाही. प्रतिभा दारात हात पुढं करून उभी राहते. ओळीतून येणारेजाणारे बघत असतात, आणि ती उभी राहते.